एकनाथ चुरींचा एकच भाव

एकनाथ चुरींच्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर पत्र्याची एक निळी पाटी दिसत असे : ‘एकच भाव. घासाघीस करून दोघांचा वेळ घालवू नये.’ पाटी रंगवणारा त्या वेळी म्हणाला होता, “शेठ, दुसरं वाक्य वाचून गिऱ्हाईक मागे फिरेल.” एकनाथ म्हणाले, “फिरू दे. त्याचाही वेळ वाचेल.” ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून पाटीचा एक कोपरा गंजला, पण मजकुरात फरक पडला नाही.

दुकान वसई गावात, पारनाक्यापासून पाच मिनिटांवर. नाव ‘मंदा ड्रेसेस’. बायकांचे आणि मुलांचे तयार कपडे. मी समोरच्या इमारतीत राहतो. पेन्शनीत निघाल्यापासून दुपारचा त्यांच्या स्टुलावर बसतो, कारण काही विकत न घेता बसू देणारं बाजारातलं ते एकच दुकान आहे. एकनाथ मूळचे भुईगावचे. तिघा भावांत वाडीची वाटणी झाली तेव्हा त्यांच्या वाट्याला अकरा माड आणि विहिरीचं पाणी दर तिसऱ्या दिवशी, एवढं आलं. अकरा माडांवर संसार होत नाही हे त्यांना कळत होतं. कापडाच्या दुकानावर होतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं.

त्यांची आई, मनोरमाबाई, डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फुलं आणि नागवेलीची पानं विकायची. तिला अंक लिहिता येत नसत. ती गावं मोजायची. भुईगाव म्हणजे एक, गास दोन, निर्मळ तीन, वाघोली चार, आणि असं करत नऊपर्यंत. शेवटी वसईतल्या होळी नावाच्या बाजारपेठेत पोचेपर्यंत टोपली रिकामी होई, म्हणून होळी म्हणजे शून्य. एकनाथांनी दुकान टाकलं तेव्हा हीच गावं कामाला आली. कपड्यांच्या धंद्यात चिठ्ठीच्या कोपऱ्यात खरेदीची किंमत खुणेने लिहून ठेवायची जुनी रीत आहे, म्हणजे माल आपल्याला केवढ्याला पडला ते दुकानदाराला कळतं आणि गिऱ्हाइकाला कळत नाही. तीनशे चाळीसला पडलेल्या कपड्यावर एकनाथ बारीक अक्षरात लिहीत : नि वा हो. निर्मळ, वाघोली, होळी. एकदा एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं होतं, “काका, निवाहोमध्ये जीन्स येते का?” एकनाथ म्हणाले, “कंपनी लहान आहे. जीन्स काढत नाही.”

तीनशे चाळीसचा कपडा ते चारशे चाळीसला विकत. मधल्या शंभरातले पंचेचाळीस गाळ्याच्या भाड्यात जात, दहा विजेत, वीस न खपलेल्या आणि उन्हाने विटलेल्या मालात, सात पिशव्यांत, शिवण उसवून देण्यात आणि कार्डाच्या मशीनमध्ये. उरत अठरा. दुकानात राबणाऱ्या बायकोचा, मंदाताईंचा, पगार यात धरलेला नाही, कारण तो कधी दिलेला नाही. त्या अठरा-अठरा रुपयांतून मुलीचं, राधिकाचं, शिक्षण झालं. राधिका शिकून गोरेगावला एका मोठ्या कपड्यांच्या कंपनीत लागली. तिथे तिचं काम एकच : कशावर किती टक्के सूट द्यायची ते ठरवणं. बापाने आयुष्यात एक रुपया कमी केला नव्हता. घराण्याचा अनुशेष मुलीने भरून काढला.

हायवेकडे मॉल झाला आणि एकनाथांच्या दुकानात एक नवीन प्रकारचं गिऱ्हाईक यायला लागलं. ते चारशे चाळीसचा कपडा हातात घेई आणि विचारी, “यावर किती ऑफ आहे?” एकनाथ पाटीकडे बोट दाखवत. गिऱ्हाईक पाटी वाचे, कपडा ठेवे आणि जाई. चार दिवसांनी तेच गिऱ्हाईक मॉलची पिशवी घेऊन दुकानासमोरून जाई. एक बाई तर थांबून आत आल्या. त्यांनी पिशवीतून मरून रंगाचा वनपीस काढून दाखवला.

“बघा भाऊ, पंधराशेचा साडेसातशेला मिळाला. साडेसातशे रुपये वाचले. असं ठेवा काहीतरी तुम्ही.”

एकनाथांनी शिवण उलटून पाहिली. तो वनपीस त्यांच्या मागच्या दांडीवर लटकत होता. तोच रंग, तीच शिवण, चारशे चाळीस.

“छान आहे,” ते म्हणाले.

बाई गेल्यावर मी विचारलं, “सांगितलं का नाहीत?”

“काय सांगू? त्या बाईने साडेसातशे वाचवलेत. मी सांगितलं असतं तर त्यांचे तीनशे दहा गेले असते.”

गेल्या वर्षी ऑक्टोबरात गाळ्याच्या मालकाने कळवलं की डिसेंबरअखेर करार संपतोय, पुढे भाडं दीडपट. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण तेवढं द्यायला तयार आहे. तो येऊन टेपने गाळा मोजूनही गेला. मोजताना त्याने एकनाथांनाच टेपचं दुसरं टोक धरायला सांगितलं, आणि त्यांनी ते धरलं. म्हणजे प्रश्न साधा होता. वसईत कपड्यांचा खरा हंगाम नाताळचा. तो चांगला गेला तर करार होईल. नाही गेला तर ‘मंदा ड्रेसेस’च्या जागी कव्हरं लटकतील.

राधिका रविवारी आली होती. तिने काउंटरवर कॅल्क्युलेटर ठेवला, वापरला मात्र नाही.

“पप्पा, नाताळला पन्नास टक्के सेल लावा.”

“चारशे चाळीसचे अर्धे केले तर मला दोनशे वीस येतील. माल पडतो तीनशे चाळीसला.”

“चारशे चाळीसचे अर्धे कोण करतंय? बाराशे नव्व्याण्णवचे अर्धे करा.”

“बाराशे नव्व्याण्णव कुठनं आले?”

“टॅगवर छापायचे.”

एकनाथांनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला. मग त्यांनी एखाद्या आजाराची माहिती विचारावी तसं विचारलं, “तुमच्या कंपनीत असंच करता?”

“आमच्याकडे कपडा शिवायच्या आधी सूट ठरते.”

“आणि किंमत?”

“ती सूट ठरल्यावर.”

“मग तेराशेला कोणी घेतच नाही?”

“घेतात की. सुरुवातीचे पंधरा दिवस शंभरात आठ-दहा जण घेतात. पण तेराशे त्यांच्यासाठी नसतात, पप्पा. तो तेराशेला होता असं पुढे सांगता यावं म्हणून असतात.”

“आणि साडेसहाशेला परवडतं तुम्हाला?”

“तो साडेसहाशेचाच असतो. तीनशेचा माल. बाकी मॉलचं भाडं, एसी, जाहिरात, पगार. माझा पगारही त्यातच आला.”

मंदाताई आतून म्हणाल्या, “म्हणजे त्या मरून वनपीसवाल्या बाईने तुझा पगार दिला म्हण की.” राधिका हसली. एकनाथ हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं.

“मग मी असं करतो. बाराशे नव्व्याण्णव छापतो आणि सहासष्ट टक्के सूट लावतो. चारशे चाळीसच होतात. भाव तोच राहिला.”

“सहासष्टला लोक घाबरतात. माल सडका वाटतो. पन्नासला कोणी घाबरत नाही.” ती थांबली. “आणि चारशे चाळीसमध्ये नवीन भाडं कसं बसवणार, ते सांगा.”

 तेवढ्या एका वाक्याने सत्तावीस वर्षांचा वाद मिटला.

सातिवलीला उमंग नावाच्या माणसाचा शिलाईचा गाळा आहे. चौदा मशिनी, एक इस्त्रीवाला आणि भिंतीवर सगळ्या देवांचं एकच कॅलेंडर. एकनाथ गेली बारा वर्षं त्याच्याकडून माल घेत होते; मीही त्या दिवशी रिक्षाचा निम्मा खर्च देऊन सोबत गेलो. दोनशे नगांची ऑर्डर लिहून झाल्यावर उमंगने विचारलं, “टॅग छापून देऊ ना काका? एमआरपी किती टाकू?”

“किती असते?”

“तुम्ही सांगाल ती. सकाळी एक पार्टी हाच माल सोळाशेची एमआरपी टाकून घेऊन गेली.”

“छापायचे किती घेतोस?”

“टॅगमागे अडीच रुपये.”

“आकडा मोठा टाकला तर?”

“तेवढेच. आकड्याला चार्ज नाही.”

एकनाथ म्हणाले, बाराशे नव्व्याण्णव टाक. मग लगेच म्हणाले, नको, बाराशेच टाक. उमंगने त्यांच्याकडे मायेने पाहिलं. “काका, बाराशे म्हटलं की कोणीतरी मनाने लावलेत असं वाटतं. नव्व्याण्णव म्हटलं की वाटतं हिशेब करून काढलेत.”

माल आला. चकचकीत काळे टॅग, सोनेरी आकडे. दोन दिवस एकनाथ दुकानात बसून नग उलगडत, डाग बघत, घडी घालत होते. टॅगची मागची पांढरी बाजू कोरी होती. त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि कोपऱ्यात लिहायला सुरुवात केली. नि वा हो. नि वा हो. मी बघत होतो. वाटलं, म्हणावं, आता कशाला? पण नवा माल आला की लिहायचं, ही सवय हाताची होती, डोक्याला त्यात कोणी विचारलं नव्हतं. दोनशेच्या दोनशे टॅगांवर त्यांनी मागून खरं लिहून ठेवलं.

बॅनर लावायची वेळ आली तेव्हा असं निघालं की तेवढी मोकळी भिंत एकच आहे, आणि ती मोकळी नाही. मंदाताईंनी विचारलं, “पाटी काढू का?”

“राहू दे. वरनं लाव.”

‘नाताळ महासेल, सरसकट ५०%’ हे लाल बॅनर पाटीवर ताणून बसलं. पाटीचे चार खिळे त्यातून थोडे वर आले होते.

पहिल्याच शनिवारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. इतकी वर्षं नुसती पाटी वाचून परत गेलेले लोक आले. वनपीसवाल्या बाई आल्या आणि आणखी दोन घेऊन गेल्या. एक जुनं गिऱ्हाईक पैसे देताना म्हणालं, “म्हणजे इतकी वर्षं एवढं कमी करायला परवडत होतं तर! लुटलंत की हो आम्हाला.” ते थट्टेत बोललं, पण अगदीच थट्टेत नाही. एकनाथांनी पिशवी पुढे केली. चारशे चाळीसला नाकारलेली वस्तू साडेसहाशेला देऊन ते पहिल्यांदा चोर ठरले, आणि ठरले ते मागच्या सत्तावीस वर्षांसाठी.

सालोमीबाय आली दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, जेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. सालोमी भुईगावचीच, एकनाथांहून चार वर्षांनी मोठी. दोघांच्या घरची बोली वेगळी, त्यामुळे दुकानात दोघं मधली मराठी बोलत. दर डिसेंबरला ती यायची, नातवंडांचे कपडे निवडायची, एक शब्द न बोलता पैसे मोजायची. एकनाथ मला सांगत, अशी गिऱ्हाइकं दहा असती तर पाटी लावावी लागली नसती.

तिने यंदाच घरात आलेल्या धाकट्या सुनेसाठी मरून वनपीस निवडला. टॅगची सोनेरी बाजू पाहिली, मग उलटून मागची पाहिली. मग चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“एकनाथ, हे निर्मळ, वाघोली, होळीच ना?”

एकनाथांच्या हातात घडी घालायचा फ्रॉक होता. तो तसाच राहिला.

“तुला हे कधीपास्नं वाचता येतं?”

“तुझं दुकान उघडलं तेव्हापास्नं. अरे, तुझी आय आमच्या ओट्यावर टोपली टेकून पैसे मोजायची. भुईगाव, गास, निर्मळ... माझी पण मोजणी तीच. आठवीपर्यंत मास्तर ओरडायचा मला.”

“बोलली नाहीस कधी.”

“काय बोलू? मी कधी भाव केला का तुझ्याशी? तुला वाटलं असेल पाटीला घाबरते. मला दिसत होतं ना तू किती घेतोस ते. गाववाल्याने शंभर रुपये घेतले तर घेऊ दे म्हटलं, त्याला पण पोरगी आहे.” तिने टॅग पुन्हा सुलटा केला. “आता तीनशे घेतोस.”

“भाडं दीडपट मागतायत.”

“मागणारच. सगळेच मागतायत.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर एकनाथांना बरं वाटलं असतं, असं मला त्यांच्या तोंडाकडे पाहून वाटलं. ते घाईने म्हणाले, “तुला चारशे चाळीसला देतो. पहिल्यासारखा.”

सालोमीबायने विचार केला. खरोखर केला, कारण तेवढा वेळ लागला.

“नको.”

“का?”

“शर्लीसाठी घेते. पहिला नाताळ आहे तिचा आमच्या घरी. चारशे चाळीसचा दिला तर म्हणेल, सासूने बाजारातनं उचलून आणला. बाराशे नव्व्याण्णवचा असला तर चर्चात मिस्साला घालून येईल तरी.”

“मग टॅग राहू दे. पैसे चारशे चाळीस दे.”

“आणि साईज बदलायला आली तर पावती घेऊन येईल ना ती? पावतीवर काय लिहिशील?”

 तिने साडेसहाशे काढून काउंटरवर ठेवले. मग पिशवी हातात घेता घेता म्हणाली, “एक कर. मागचं पेनाचं तेवढं खोड. तिला गावं कळायची नाहीत, ती मुंबईची. पण पेनाने लिहिलेलं दिसलं तर म्हणेल, कुणीतरी परत केलेला माल आहे.”

एकनाथांनी खिशातलं तेच बॉलपेन काढलं आणि निर्मळ, वाघोली आणि होळी खोडली. नीट खोडली, वाचता येणार नाही अशी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक प्रयोग केला. मंदाताईंना न विचारता पाच मरून वनपीसांचे टॅग कापले, साध्या चिठ्ठ्या लावल्या, ‘४४०/-’ एवढंच लिहिलं आणि ते दारातल्या दांडीवर, सगळ्यांच्या पुढे लटकावले. दिवसभरात बावीस जणांनी ते हाताळले. बावीस मी मोजले, मला दुसरं काम नव्हतं. संध्याकाळी एकीने अखेर धीर करून विचारलं, “काका, यात डिफेक्ट काय आहे?”

“काही नाही.”

“मग आतमधला तोच साडेसहाशेला कसा?”

“त्याच्यावर सूट आहे,” एकनाथ म्हणाले.

तिला पटलं. तिने आतला घेतला. रविवारी राधिका आली, तिने पाचही नगांना काळे टॅग परत लावले. सोमवारी दुपारपर्यंत पाचही गेले.

हंगाम चांगला गेला. एकतीस डिसेंबरला करार झाला. कव्हरवाल्याने दोन गाळे सोडून जागा घेतली. तिथेही पहिल्या दिवसापासून पन्नास टक्के सूट आहे. मंदाताईंनी पेढे वाटले, मला दोन मिळाले. एकनाथांनी आपल्या पेढ्याचा अर्धा खाल्ला आणि अर्धा कागदात बांधून ठेवला. विचारलं तर म्हणाले, साखर वाढलीय.

जानेवारीपासून त्यांनी टॅगांवर लिहिणं बंद केलं. खरेदीचे आकडे राधिकाने कॉम्प्युटरमध्ये टाकून दिले आहेत, त्याला पासवर्ड आहे. बॉलपेन खिशात असतं, पण आता त्याने फक्त कुरियरवाल्याच्या कागदावर सही करतात.

ईस्टरच्या आधी सालोमीबाय आली. मला वाटलं होतं ती येणार नाही, आणि बहुधा एकनाथांनाही. नेहमीसारखी आली, शर्लीला वनपीस आवडला म्हणून सांगितलं, नातीसाठी पांढरा फ्रॉक काढायला लावला. टॅग हातात घेतला. सोनेरी आकडा पाहिला. उलटून मागचा कोपरा पाहिला. कोपरा कोरा होता. तिने टॅग सुलटा केला, पुन्हा उलटा केला, बोटाने तो कोपरा जरा घासून पाहिला. मग फ्रॉक काउंटरवर ठेवला.

“एकनाथ,” ती म्हणाली, “पन्नासच्या वर आणखी किती कमी करशील?”

एकनाथांचा उजवा हात सवयीने वर गेला, भिंतीकडे बोट करून. तिथे ‘समर धमाका, सरसकट ५०%’ असं होतं. त्यांनी हात खाली घेतला आणि कॅल्क्युलेटर ओढला.